हातभर गोधडी

आपल्या घरांत अशा कांहीं वस्तू असतात कीं त्यांच्यावांचून एकहि रात्र जात नाहीं. पण दिवसा त्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. गोधडी ही त्यांतलीच एक. सकाळ झाली कीं तिची घडी होते, ती दांडीवर किंवा कोपऱ्यांत जाऊन पडते, आणि पाहुणा यावयाचा असला तर तिच्यावर एखादी बरी चादर टाकून आपण तिला दृष्टीआड करतों. जी आपल्याला झांकते तिलाच झांकून ठेवण्याची ही आपली रीत मोठी गमतीची आहे. आज मी याच गोधडीविषयीं आपल्याशीं बोलणार आहें. मात्र नेहमींच्या चार-पांच हात लांबीच्या गोधडीविषयीं थोडें, आणि तिच्या एका धाकट्या बहिणीविषयीं अधिक. ही धाकटी हातभर लांब आणि दीड वीत रुंद असते. ती पांघरतां येत नाहीं. रोजच्या जीवनांतला एखादा प्रसंग, गांवाचें एखादें सुखदुःख, चिंध्यांच्या तुकड्यांनीं आणि धांवदोऱ्यानें सांगणें, एवढेंच तिचें काम.

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, मंचर-घोडेगांवावरून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर तळेघर नांवाचें गांव आहे. २०१२ सालच्या जून महिन्यांत शाळेंतील नोकरीच्या निमित्तानें मी तेथें राहावयास गेलें. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा प्रदेश. महादेव कोळी समाजाची येथें मोठी वस्ती. खालीं भाताचीं खाचरें, वर उतारावर नाचणी-वरईचे तुकडे, आणि रानांत हिरड्याचीं झाडें. एकदां आषाढ लागला कीं धुकें दाराशीं येऊन बसतें, आणि ऊन पडणें ही गांवभर सांगण्याजोगी बातमी होते. मीं शहरांतून नेलेलें लोकरी ब्लँकेट पहिल्याच आठवड्यांत असें दमट आणि जड झालें कीं तें पांघरणें म्हणजे भिजलेलें मेंढरू उराशीं घेऊन निजणें! तेव्हां माझ्या घरमालकिणीनें चुलीजवळच्या दांडीवरची एक गोधडी आणून मला दिली. तिला धुराचा वास होता. पण ती कोरडी होती, आणि इतक्या धुण्यांतून गेलेल्या कापडाला जो मऊपणा येतो तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. सारें गांव तिला आजी म्हणे, म्हणून मीहि आजीच म्हणूं लागलें. तिचें नांव मी येथें घेत नाहीं. रेडिओवर आपलें नांव यावें ही गोष्ट तिला मुळींच रुचली नसती.

गोधडी कशी शिवतात हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. पण ज्यांच्या घरांतून सुई-दोरा कधींच हद्दपार झाला आहे त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतें. हें काम बहुधा उन्हाळ्यांतलें. भात घरांत आलेलें असतें आणि अंगण सारवून कोरडें ठणठणीत असतें. तेथें एक जुनें लुगडें पसरतात व चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून तें ताणून घेतात. त्यावर फाटकीं धोतरें, सदरे, परकर यांचे तुकडे थराथरानें मांडतात. कापड विरलेलें असेल तेथें दोन, धड असेल तेथें एक. वर दुसरें लुगडें येतें, कडा आंत दुमडल्या जातात, आणि मग धांवदोरा सुरू होतो. तो कडेनें निघून चौकोनांत चौकोन घेत घेत मध्याकडे येतो. यांत नुसती शोभा नाहीं. कडा आधीं बांधल्या गेल्या म्हणजे आंतल्या चिंध्या सरकत नाहींत. ही गोष्ट कोणत्याहि पुस्तकांत न वाचतां पिढ्यान् पिढ्या बायकांच्या बोटांना कळत आलेली आहे. चार बाजूंना चार बायका बसतात. एकीचा टांका लांब, एकीचा बारीक, आणि गोधडी पुरी झाल्यावर कोणती बाजू कोणाची हें टांक्यावरूनच ओळखतां येतें.

एके दुपारीं आजीनें मला ती गोधडी वाचून दाखविली. ‘वाचून’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतें. कारण आजीला अक्षरओळख नव्हती. ही हिरवी पट्टी सासूच्या लुगड्याची. हा निळ्या रेघांचा तुकडा थोरल्या मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचा. हें फुलाफुलांचें धाकट्या लेकीचें झबलें. ती लेक राहिली नाहीं. असें सांगत सांगत तिचें बोट एका खाकी तुकड्यावर येऊन थांबलें. तो तिच्या यजमानांच्या कामावरच्या कपड्यांतला होता. ते मुंबईस कापडाच्या गिरणींत होते.

त्या एका तुकड्यांत या साऱ्या तालुक्याचा इतिहास होता, असें मीं म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतून किती तरुण पोटासाठीं मुंबईस गेले, गिरणींत, गोदींत, डबे पोंचविण्याच्या धंद्यांत शिरले! याच आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा असाच एक गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापड भरून चाललेल्या मोटारीपुढें तो आडवा झाला आणि तिच्या चाकाखालीं त्यानें प्राण दिला. कापड ही केवळ अंगावर घालण्याची वस्तु नाहीं, ती राष्ट्राच्या स्वाभिमानाची आणि कामगाराच्या भाकरीची गोष्ट आहे, हें या डोंगरांतल्या माणसाला वेगळें शिकवावें लागलें नाहीं. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. आजीचे यजमान त्या संपांत गांवीं परतले ते पुन्हां गिरणींत गेलेच नाहींत. “त्येच्या नंतर खाकी न्हाई,” एवढेंच आजी म्हणाली आणि तिचें बोट पुढच्या तुकड्यावर गेलें.

पुढचे तुकडे चकचकीत होते. सुती लुगडीं गेलीं आणि कृत्रिम धाग्यांचीं पातळें आलीं. तीं फाटत नाहींत, विटत नाहींत, पण घामहि टिपत नाहींत. त्यांच्यांतून सुई घसरते आणि थर एकमेकांना धरून राहात नाहींत. गोधडींतला हा बदल ज्याला वाचतां येतो, त्याला गेल्या पन्नास वर्षांत खेड्याच्या अंगावर आणि घरांत काय काय बदललें हें निराळें सांगण्याची जरूर नाहीं.

त्या दुपारीं माझ्या मनांत विचार आला, कीं न ठरवितां जर गोधडी इतकें सांगते, तर ठरवून तिला कांहीं सांगावयास लावलें तर? मला थोडें शिवण येत होतें, चित्रकलेचा थोडा नाद होता. मीं हातभर कापड घेतलें. त्यावर हिरड्याच्या झाडाखालीं पोतें पसरून बसलेल्या दोन बाया, झाडावर चढलेला एक पोर आणि दूर उभा असलेला एक व्यापारी अशी आकृति तुकडे लावून मांडली. चैत्र-वैशाखांत या भागांतलीं बहुतेक घरें हिरडा वेंचावयास रानांत जातात. कोंवळा हिरडा उन्हांत वाळवला कीं तो बाळहिरडा म्हणून विकला जातो, आणि पावसाळ्यापूर्वींचें तेल-मीठ त्यावर येतें. व्यापारी मीं मुद्दाम झाडापेक्षांहि उंच काढला होता. त्याचें कारण आपणांस समजेलच.

पंधरा दिवसांनीं तें काम मोठ्या अभिमानानें मीं आजीपुढें ठेवलें. तिनें तें उलटून मागची बाजू पाहिली. शिवणकाम जाणणारी बाई आधीं मागची बाजू पाहते. मग ती म्हणाली, “टांका बरा हाय. पर बाई, ही पांघरायची कुनी?”

“ही पांघरायची नाहीं, आजी. ही पाहायची.”

“पांघराय येत न्हाई तिला गोधडी कशी म्हनायची?”

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हां उत्तर नव्हतें. जिच्या गांवांत पांघरुणावांचून कुडकुडणें ही काव्यांतली कल्पना नसून रात्रीची गोष्ट आहे, त्या बाईनें हा प्रश्न विचारावा हें अगदीं न्याय्य होतें. मीं ती गोधडी घडी करून ठेवून दिली. पण प्रश्न कांहीं घडी होऊन बसेना.

मीं वाचूं लागलें, विचारूं लागलें. तेव्हां कळलें कीं हा प्रश्न माझा एकटीचा नाहीं. कापडावर मनांतलें लिहावें ही ओढ आपल्या मराठी मुलखांत फार जुनी आहे. सोळाव्या शतकांत जन्मलेल्या दासोपंतांनीं पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहून काढला. आंबेजोगाईची ती पासोडी प्रसिद्धच आहे. पांघरावयाच्या वस्त्राला त्यांनीं ग्रंथाची योग्यता दिली. आणि विसाव्या शतकांतले आपले गाडगेबाबा! ठिगळांच्या वस्त्रामुळें लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत; त्यांच्या अंगावरच्या चिंध्या हेंच त्यांचें अर्धें कीर्तन होतें.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हल्याळ-यल्लापूर भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नांवाची गोधडी शिवतात. तीहि कडेनें सुरू होऊन मध्यावर संपते, आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेलें एकेक छोटें त्रिकोणी फूल हवेंच. फुलावांचून कवंदी उघडीनागडी दिसते असें त्या मानतात. आतां या फुलानें ऊब एका रतीनेंहि वाढत नाहीं! म्हणजे उपयोगाच्या गोधडींतहि निव्वळ उपयोगापलीकडचें कांहीं तरी पूर्वींपासून आहेच. आपल्या महाराष्ट्रांतल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनीं मोठ्या आस्थेनें ग्रंथ लिहिला आहे. तो चाळतांना हेंच ध्यानांत येतें, कीं ठिगळ कोठें लावावें हें गरज ठरविते, पण कोणत्या रंगाचें लावावें हें मन ठरवितें.

बिहारमध्यें मुझफ्फरपूर जिल्ह्यांत भुसुरा नांवाचें खेडें आहे. तेथें तान्ह्या मुलासाठीं जुन्या साड्यांची ‘सुजनी’ शिवण्याची चाल. १९८८ च्या सुमारास ‘अदिति’ या संस्थेच्या साह्यानें तेथल्या बायकांनीं तीच सुजनी चित्रें काढण्यासाठीं हातीं घेतली. हुंडा, मुलींची उपेक्षा, दारूडा नवरा, सभेंत प्रथमच बोलावयास उभी राहिलेली बाई, असे विषय त्यांनीं धांवदोऱ्यानें सांगितले. ज्या गोष्टी तोंडानें बोलल्या तर घरांत भांडण व्हावयाचें, त्या कापडावर शिवल्या तर लोक निदान उभे राहून पाहतात, हा त्यांचा अनुभव.

आणखी दूर जावयाचें तर अमेरिकेंतील हॅरिएट पॉवर्स. १८३७ सालीं जॉर्जिया प्रांतांत गुलामगिरींत जन्मलेली ही नीग्रो बाई. तिनें बायबलांतील कथा तुकड्यातुकड्यांनीं एका गोधडीवर मांडल्या. १८८६ सालीं ती गोधडी एका प्रदर्शनांत एका चित्रकलाशिक्षिकेला दिसली. तिनें ती विकत मागितली. तेव्हां हॅरिएटनें ती दिली नाहीं. पुढें पैशांची फार ओढाताण झाली, आणि दहा डॉलर मागून शेवटीं पांच डॉलरांना तिला ती देऊन टाकावी लागली. त्यानंतर आपली गोधडी पाहण्यासाठीं ती बाई अनेकदां त्या शिक्षिकेच्या घरीं जाई. आज ती गोधडी अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन वस्तुसंग्रहालयांत आहे. ही हकीगत वाचली तेव्हां माझ्या हिरड्याच्या चित्रांतला तो उंच व्यापारी मला आठवला.

दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें सत्ता बळकावली. हजारों माणसें पकडलीं गेलीं. कित्येकांचा पुढें पत्ताच लागला नाहीं. त्यांच्या आया, बायका, बहिणी एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवून छोटीं चित्रें करूं लागल्या. आकारानें तीं माझ्या गोधडीएवढींच. रिकामी खुर्ची, सार्वजनिक स्वयंपाकाचें मोठें पातेलें, फाटकापाशीं नांवाची वाट पाहणाऱ्या बायका. त्यांनीं कांहीं चित्रांत हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. तीं चित्रें देशाबाहेर गेलीं आणि जें वर्तमानपत्रांना छापतां येत नव्हतें तें त्यांनीं जगाला सांगितलें.

हें सारें मीं आजीला माझ्या परीनें सांगितलें. तिनें ऐकून घेतलें. हॅरिएटच्या पांच डॉलरांपाशीं मात्र ती म्हणाली, “लुटली बिचारीला.” आणि दुसऱ्या दिवशीं तिनें एक जुनें पांढरें धोतर आणि मूठभर हिरडा माझ्यापुढें आणून ठेवला. म्हणाली, “तुमच्या बायांचं लुगडं काळं कराया हवं. इकतचा काळा धुन्यात जातोय.”

तो काळा रंग आम्हीं केला, तो असा. हिरडा कुटून पाण्यांत उकळावा व त्यांत सुती कापड भिजवून वाळवावें. तें फिकट पिवळसर होतें. दुसरीकडे गंजलेले खिळे किंवा घोड्याचा जुना नाल गुळाच्या पाण्यांत पंधरा-वीस दिवस घालून ठेवावा. हिरड्याचें कापड या लोखंडी पाण्यांत बुडविलें कीं डोळ्यांदेखत राखी होतें, आणि पुन्हां पुन्हां बुडविलें कीं काळें होतें. हिरड्यांतला तुरट रस आणि लोखंड यांच्या संयोगाचा हा गुण. जुन्या काळीं शाईहि याच मार्गानें करीत. मात्र लोखंड अति झालें तर कापड कांहीं वर्षांनीं आपोआप कुजूं लागतें, म्हणून शेवटीं स्वच्छ पाण्यांत खळखळून धुवावें. ज्या रानांतली गोष्ट सांगावयाची त्याच रानाचा रंग कापडावर आला, याचा मला केवढा आनंद झाला!

मग आमच्या ओटीवर हळूहळू शेजारच्या बायकाहि येऊं लागल्या. कोणी इरलें पांघरून भात लावणारी बाई शिवली. कोणी पडकईचा प्रसंग शिवला. पडकई म्हणजे एकमेकांच्या मदतीनें डोंगरउतार फोडून, बांध घालून, भातखाचर तयार करण्याची या भागांतली जुनी पद्धत. आज तुझ्या रानांत दहा जण, उद्यां माझ्या. एका मुलीनें डिंभे धरणाचें पाणी शिवलें. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें जुनें गांवच त्या पाण्याखालीं गेलें आहे. तिनें निळ्या कापडाचा एक कोपरा मुद्दाम शिवला नव्हता. तो उचलला कीं खालीं बारीक बारीक घरें दिसत. मीं तिला शाबासकी दिली, तेव्हां ती म्हणाली, “बाई, आमच्या आजोबांचं घर तिथंच आहे.” ‘होतें’ असें ती म्हणाली नाहीं.

आतां मी ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः बोलावयास बसलें आहें तिच्याकडे येतें.

३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं तळेघराजवळच्या डोंगरांतलें माळीण हें गांव दरड कोसळून मातींत गेलें. चाळीसहून अधिक घरें गेलीं आणि १५१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. गांव नाहींसें झाल्याचें नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकानें प्रथम पाहिलें व बाहेर कळविलें, हें आपण त्या वेळीं वाचलें असेल. त्या दिवसांविषयीं मी अधिक बोलत नाहीं. आमच्या वर्गांत कित्येक दिवस मुलें पाऊस मोठा झाला कीं खिडकींतून डोंगराकडे पाहात.

दीडएक वर्षानें शहरांतल्या एका प्रदर्शनासाठीं सामाजिक विषयावर काम पाठवावें असें मला निमंत्रण आलें. मीं माळीण हा विषय घेतला. तपकिरी गोणपाटाचा डोंगर केला, तो मधोमध फाडला, त्यांतून तांबड्या मातीचा लोट खालीं ओढला, आणि त्या लोटांतून बाहेर आलेला एक हात शिवला. काम चांगलें उतरलें होतें. तें पाहून लोक स्तब्ध होतील याची मला खात्री होती. आणि खरें सांगावयाचें तर तीच मला हवीशी होती.

आजीनें तें पाहिलें. या वेळीं तिनें मागची बाजू पाहिली नाहीं. तिनें तें काम उपडें करून जमिनीवर ठेवलें आणि बराच वेळ ती बोलली नाहीं. त्या गांवांत तिच्या नात्यांतलीं माणसें होतीं, हें मला ठाऊक होतें. पण शिवतांना तें मी विसरून गेलें होतें. शेवटीं ती म्हणाली, “ह्यो हात कुनाचा?”

मी गप्प राहिलें.

“कुनाचा तरी आसंल ना? आन् तू त्यो भितीला लावनार. लोकं बघनार. आमी कुठं बघायचं मग?”

ती मला प्रथमच ‘तूं’ म्हणाली. त्यांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें.

श्रोतेहो, दुसऱ्याचें दुःख चित्रांत घेणारांनीं या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे. आपण म्हणतों कीं समाजाला जागें करण्यासाठीं हें करतों. तें खोटें नसतें. पण तें पुरतें खरेंहि नसतें. त्यांत आपल्या कौशल्याचें कौतुक व्हावें ही इच्छा लपून बसलेली असते. चिलीच्या बायकांनीं रिकामी खुर्ची शिवली ती त्यांच्या स्वतःच्या घरांतली होती. मीं शिवलेला हात माझ्या घरचा नव्हता. त्याच रात्रीं मीं तें काम उसवलें. उसवणें हें शिवण्यापेक्षां कठीण असतें, कारण टांका निघाला तरी भोंक राहतें.

प्रदर्शनाला मीं नकार कळविला. पण गोष्ट येथें संपली नाहीं. कांहीं दिवसांनीं आजीच तो उसवलेला तुकडा घेऊन आली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. तिचें म्हणणें असें, कीं गांव पडलेलें सगळ्यांनीं पाहिलें, फोटोंत पाहिलें. गांव उभें होतें तें कोणीं पाहिलें आहे? तें शिवावें. मग त्या सांगूं लागल्या आणि मी खडूनें कापडावर आंखूं लागलें. वाट कोठून येई, देवळाचें तोंड कोणीकडे होतें, कोणाच्या दाराशीं काय होतें. मध्येंच एकी म्हणे, “न्हाई, त्यांचं घर वर नव्हतं, खाली व्हतं,” आणि मला तें घर पुसून खालीं आंखावें लागे. शाळा दरडींतून वांचली होती; ती आधीं शिवली, म्हणजे बाकीच्या घरांच्या जागा तिच्यावरून धरतां येतील. कोणी बोलतां बोलतां थांबे, डोळ्यांना पदर लावी, आणि पुन्हां सुई उचली. डोंगर आम्हीं हिरवाच ठेवला.

घरांसाठीं कापड प्रत्येकीनें आपल्या घरून आणलें. तें काम पुरें व्हावयास तीन महिने लागले. माझें त्यांत आंखण्यापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. पुरें झाल्यावर तें कोठें ठेवावें हा प्रश्न आला. मीं भिंतीचें नांव काढलें नाहीं. आजीनें त्याची घडी केली आणि घरांतल्या गोधड्यांबरोबर दांडीवर ठेवून दिली. दरवर्षीं त्या दिवशीं ती खालीं निघते. ज्यांना हवें ते येऊन पाहतात, पोरांना दाखवितात, आणि संध्याकाळीं ती पुन्हां दांडीवर जाते. २ एप्रिल २०१७ रोजीं नव्या माळीणचें लोकार्पण झालें, तेव्हां ती तेथें न्यावी काय असें मीं विचारलें. आजी म्हणाली, “नवं गाव नवं आसूं दे.” त्यानंतर मीं पुन्हां विचारलें नाहीं.

आपणांपैकीं कोणाला असें काम करावेंसें वाटलें, तर अनुभवानें सुचलेल्या दोन-चार गोष्टी सांगून मी थांबतें. कापड जुनें आणि सुती घ्यावें. नवें घेतलेंच तर आधीं धुवून त्याचा रंग सुटतो काय हें पाहावें. तीन थर पुरेत. टांका दाट घातला कीं कापड आंखडतें, म्हणून चारी बाजूंनीं दोन-दोन बोटें अधिक ठेवावींत. तुकड्यांची कड आंत दुमडून बारीक टांक्यांनीं बसवावी आणि मग सबंध पृष्ठभागावर धांवदोरा घालावा. त्यानेंच शेत नांगरल्यासारखें, पाणी हलल्यासारखें दिसूं लागतें. प्रथम मोठा विषय घेऊं नये. आपल्याच दारांतला नळ, एस. टी. ची वाट पाहणारी म्हातारी, रात्रीं उशिरां घरीं येणारा रखवालदार, यांतलें कांहीं घ्यावें. आणि दुसऱ्याची गोष्ट शिवावयाची असेल तर त्या माणसाला आधीं विचारावें. पुरी झाल्यावर आधीं त्यालाच दाखवावी. त्यानें ती उपडी करून ठेवली, तर उसवण्याची तयारी असावी.

आजी आतां थकली आहे. तिला सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. ती दोरा माझ्याकडे सरकविते आणि मी ओंवून देतें. पण टांका तिचा अजून सरळ पडतो. परवां तिनें माझ्या नव्या तुकड्याकडे पाहून पुन्हां तोच जुना प्रश्न केला, “ही पांघरायची कुनी?” मीं म्हटलें, “आजी, अजून ठरलें नाहीं.” ती म्हणाली, “मंग आदी ठरव, आन् मंग शिव.”